साहेबांच्या घरचे

त्या इस्पितळाला दोन दारं होती. उजवीकडचं लाल, आणि डावीकडचं कुठल्याच रंगाचं नाही, कारण लाल दार रंगवून झालं तेव्हा रंग संपला आणि पुढे कोणी आणला नाही. युद्ध सुरू झालं त्या वर्षी वरून हुकूम आला होता की जखमींना वेगळं काढा, म्हणजे गोंधळ होणार नाही. मग लाल दारातून बॉम्बचे, गोळीचे, ढिगाऱ्याखालून काढलेले आत जायला लागले, आणि बिनरंगाच्या दारातून बाकीचे सगळे. लाल दारातल्यांना म्हणायचे 'युद्धाचे'. बाकीच्यांना 'घरचे', कारण ते म्हणे घरी बसल्या बसल्या आजारी पडलेले. हुकूम तेवढ्यापुरता होता. युद्धही तेवढ्यापुरतंच होतं. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटायला आलं, तरी दोन्ही आपलं चालूच आहे.

युद्धाच्यांना जनरेटर होता, रक्त होतं, सर्जन होते, धुतलेल्या चादरी होत्या. त्यात काही वावगं नाही, पाय तुटलेल्या माणसाला चादर द्यायलाच हवी. घरच्यांना मात्र डॉक्टरबाई होत्या आणि एक लांबलचक बाक होता. बास, संपली यादी.

आणि घरचे म्हणजे थोडेथोडके नव्हेत. लसीचा फ्रिज बंद पडला आणि गोवर परत आला, जो बाईंच्या तरुणपणी शहरातून हद्दपार झाला होता. पाण्याचं पंपघर उडालं, तेव्हापासून नळाला जे येतं त्याला लोक पाणी म्हणतात ते निव्वळ सवयीने, आणि मग जुलाबाने सुकलेली लेकरं खांद्यावर टाकून आया येतात. क्षयाच्या गोळ्या मध्येच थांबतात. साखरेच्या रोग्यांना इन्सुलिन निम्मं मिळतं. अर्धे डॉक्टर सीमेपार निघून गेले, आणि राहिले त्यांना लाल दाराने ओढून घेतलं. रोज संध्याकाळी रेडिओवरची बाई मंजुळ आवाजात सांगते, आज शहरात युद्धाने एकही बळी गेला नाही. ते ऐकलं की डॉक्टरबाई रेडिओकडे अशा बघायच्या, जणू तो शेजाऱ्याचा वाया गेलेला मुलगा आहे.

या सगळ्याची व्यवस्था बघणारे आरोग्य खात्याचे साहेब. त्यांचं नाव सगळ्या शहराला पाठ होतं, पण इस्पितळात त्यांना रिबीनसाहेब म्हणत. उद्घाटनाची भारी हौस. लाल बाजूचं ऑपरेशनचं दालन त्यांनी तीनदा उघडलं होतं. मधल्या काळात ते कधी बंद झालं होतं, हे त्यांनाच ठाऊक. डाव्या बाजूला ते कधी फिरकले नाहीत. तिकडे कापण्याजोगं काही नव्हतं ना.

डाव्या बाजूला एकच गोष्ट शिल्लक होती, डायलिसिसचं मशीन. एके काळी तीन होती. दोन बिघडली, त्यांचे सुटे भाग काढून काढून तिसरं जगवलं. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांचं रक्त ते मशीन धुऊन द्यायचं. आठवड्यातून तीनदा धुवायला हवं ते एकदा व्हायचं, तेही वीज असेल तर. जनरेटरची तार लाल बाजूला, मधल्या भिंतीपर्यंत आलेली होती. भिंतीच्या अलीकडे ती आणायची, एवढीच बाईंची मागणी. त्यासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले, आणि दर वेळी वाटाण्याच्या अक्षता. एका कारकुनाने तर समजूत घातली होती, "बाई, घरच्यांसाठी जनरेटर कशाला? घरचं दुखणं, ते थोडं इकडेतिकडे चालतं."

बाकावर पाळीची वाट बघणाऱ्यांत बाईंची सख्खी थोरली बहीण होती. बाईंच्या शिक्षणासाठी स्वतःचं शिक्षण सोडलेली, लग्न न केलेली, आईच्या जागी असलेली ताई. दर आठवड्याला तिचे पाय सुजायचे, चेहरा फुगायचा, मग मशीनवरून उतरली की दोन दिवस ती माणसात असायची. तार भिंतीच्या अलीकडे आली तर ताई जगणार होती, नाही आली तर नाही. यात कुठे जर-तरचा घोळ नव्हता. डॉक्टर असल्यामुळे बाईंना ते नको इतकं स्वच्छ दिसत होतं.

ताईशेजारी बसायचे टेलरमामा. त्यांचीही किडनीच. लाल दारातून जाणाऱ्यांच्या मनगटाला बांधायच्या लाल पट्ट्या शिवायचं काम त्यांच्याकडे होतं. मांडीवर कापड घेऊन, पाळीची वाट बघत, ते दुसऱ्यांच्या पट्ट्यांना टीप घालत बसत.

"बाई," ते एकदा म्हणाले, "एक ताईंना बांधू? एक मला? कोण बघतंय? आपणही युद्धाचे."

"मामा, खोटेपणा मला नाही जमायचा," बाई म्हणाल्या. "एकदा आपण तसं केलं की त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

"फरक आहे की. ते लाल बाजूला आहेत." मामा हसले आणि त्यांनी दोरा दातांनी तोडला.

ताईने बहिणीकडे एकदा पाहिलं आणि खाली पडलेली पट्टी उचलून मामांना दिली.

दोन्ही दारांसमोर उभं राहून माणसं वेगळी काढायचं काम कंडक्टरकडे होतं. पूल पडले, बसगाड्या बंद झाल्या, तेव्हा खात्याने या कंडक्टरला इथे आणून उभं केलं. खाकी कोट तोच, गर्दीला ओरडायचं तेही तेच. "चला, पुढे सरका, दारात थांबू नका. कुठले? युद्धाचे की घरचे?" युद्धाचे म्हटलं की उजवा हात, घरचे म्हटलं की डावा. सांगितलेलं काम चोख करायचं, डोकं लढवायचं नाही, हा त्याचा बाणा. आणि इतकी वर्षं एकच प्रश्न विचारून 'घरचे' या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो, हे तो पार विसरून गेला होता. इस्पितळातले सगळेच विसरले होते. नर्सबाईंचा नवरा एकदा विचारायला लागला, "आमच्या घरचे कुठायत?" तर तिघांनी मिळून त्याला जुलाबाच्या वॉर्डात पोचवला.

एके सकाळी फाटकावरचा फोन वाजला. खुद्द रिबीनसाहेब.

"हे बघ, आत्ता एक गाडी येईल. घरचे आहेत. समजलास ना? माझ्या घरचे. अजिबात ताटकळत ठेवायचं नाही, थेट आत."

"घरचे ना साहेब? समजलं. थेट आत."

गाडी आली. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई, पांढरीफटक, धापा टाकणारी. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी फोन केला होता. घरचे." कंडक्टरने एका क्षणाचाही उशीर न करता डावा हात केला, चाकाची खुर्ची मागवली आणि जातीने ढकलत म्हातारीला डाव्या दारातून थेट बाकापर्यंत नेलं. ड्रायव्हर साहेबांचा, म्हणजे प्रश्न न विचारणारा. तो गाडी वळवून निघून गेला. कंडक्टर दारावर परत आला तेव्हा हुकूम तंतोतंत पाळल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

म्हातारीला ताई आणि टेलरमामांच्या मधे जागा मिळाली. तिला बसायला उशी म्हणून मामांनी लाल पट्ट्यांचं गाठोडं दिलं. बाईंनी तपासलं. किडन्या गेलेल्या, छातीत पाणी भरत आलेलं.

"आजवर कुठे करत होतात डायलिसिस?"

"नदीपलीकडच्या खासगी दवाखान्यात. एसी होता तिथे." म्हातारी दम घेत म्हणाली. "परवा त्यांचे डॉक्टर कुलूप लावून परदेशी गेले. किल्ली पण घेऊन गेले मेले."

"बरोबर कोणी आहे?"

"मुलगा आहे ना. मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणून येत नाही."

त्या दिवशी पाळी ताईची होती. वीज किती टिकेल याचा नेम नव्हता. म्हातारी अनोळखी, ताई सख्खी, आणि दोघींपैकी म्हातारी जास्त वाईट, हे बाईंच्यातल्या डॉक्टरला दिसत होतं. दिसलं नसतं तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं.

ताईच म्हणाली, "तिला घे आधी. माझं उरलेल्या वेळात कर."

"वीज गेली म्हणजे?"

"गेली तर गेली. ती बिचारी बसल्याजागी बुडतेय, दिसत नाही का तुला?"

म्हातारीचं झालं. ताईचं निम्मं होतंय तोच दिवे गेले, आणि बाईंनी मशीन हाताने फिरवून तिचं रक्त तिच्या अंगात परत घातलं. म्हातारी हे सगळं पलंगावरून बघत होती. थोडी हुशारी आल्यावर तिने मामांकडून इथली सगळी कुंडली काढून घेतली. दोन दारं, एक मशीन, भिंतीपलीकडची तार.

"कोणाचं डोकं म्हणायचं हे?" तिने विचारलं.

"रिबीनसाहेबाचं," मामा म्हणाले. "कात्री दिली की खूश होतो. बाकी डोक्याच्या नावाने आनंद आहे." आणि त्यांनी त्या साहेबाची अशी काही झकास नक्कल केली की ताई सुजल्या डोळ्यांनी हसली. म्हातारीही हसली. मग म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे तो. माझ्या नव्या साडीचे काठ कापले होते."

टेलरमामांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

"शिवा हो तुम्ही," म्हातारी म्हणाली. "खरं तेच बोललात."

तोवर तिकडे लाल दारात हलकल्लोळ. साहेब हातात फुलं घेऊन आलेले, इस्पितळाचे अधीक्षक घाम पुसत उभे, आणि मातोश्रींचा पत्ता नाही. शेवटी साहेब डाव्या दारातून आत शिरले, आयुष्यात पहिल्यांदाच. नाकाला रुमाल.

"मी घरचे म्हणालो होतो," ते कंडक्टरवर कडाडले.

"म्हणूनच घरच्यांत बसवलंय साहेब," कंडक्टर म्हणाला. "तुमचा फोन होता म्हणून रांगही लावू दिली नाही."

'घरचे म्हणजे हे घरचे नाहीत' असं मोठ्याने म्हणणं, एवढ्या लोकांसमोर, साहेबांनाही जड गेलं असावं. बाईंनी ती संधी साधली.

"साहेब, तुमच्या आईंना आज मशीन मिळालं ते नशिबाने. वीज मध्येच गेली. भिंतीपलीकडे तुमचा जनरेटर आहे. तार अलीकडे आणून द्या, एवढंच मागते. त्यांचंही होईल, यांचंही होईल."

"उद्या माणसं पाठवतो," साहेब म्हणाले. आईने सगळ्यांसमोर मान डोलावली म्हणून म्हणाले.

त्या रात्री किती तरी वर्षांनी बाई निवांत झोपल्या. मूर्खपणाच तो. पण आशा लागली की शहाणं माणूसही वेडं होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली खरी. पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर, ढकलगाडी घेऊन. बाईंनी त्यांना भिंतीकडे नेलं आणि तार कुठून घ्यायची ते दाखवायला लागल्या. त्यांच्यातला मोठा मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "बाई, आम्ही तारेसाठी नाही आलो. मशीन उचलायला आलोय."

हुकूम होता सहीशिक्क्याचा. मातोश्री 'युद्धाच्या' ठरल्या होत्या. कारण दिलं होतं की युद्धाच्या काळजीने त्यांचा रक्तदाब वाढला, रक्तदाबाने किडन्या गेल्या, सबब ही युद्धाचीच इजा. त्यामुळे त्यांच्या उपचाराचं यंत्र लाल बाजूला हवं. बाईंनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं, कडू जहर हसू. अहो, त्या न्यायाने बाकावरचं कोण युद्धाचं नव्हतं? ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या युद्धामुळेच बंद पडल्या. टेलरमामा पंपघर उडाल्यावर तेच घाण पाणी प्यायले. गोवराची पोरं, बाळंतिणी, क्षयाचे, झाडून सगळे युद्धाचे. एवढी साधी गोष्ट त्या ठोंब्याच्या डोक्यात शिरली होती, पण फक्त स्वतःच्या आईपुरती.

"आणि हे?" बाईंनी बाकाकडे बोट केलं.

"आम्हाला तेवढं नाही सांगितलं," मिस्त्री म्हणाला.

मशीन गेलं. लाल बाजूला पाण्याची नळी जुळेना, मग फरशी नवी घातली, भिंतीला रंग दिला, कारण उद्घाटन होतं. तोवर मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं. ताईचे पाय खांबासारखे झाले. टेलरमामांची पाळी त्याच दिवसांत होती. ते रोज येऊन बाकावर बसत, पट्ट्या शिवत. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. बाईंनी होतं नव्हतं ते औषध दिलं, लाल दाराशी जाऊन हात जोडले, मशीन तासाभरासाठी सोडा म्हणाल्या. अधीक्षक म्हणाले, रंग ओला आहे. त्या परत आल्या तेव्हा मामा भिंतीला टेकून बसलेले होते, मांडीवर कापड, सुई कापडात टोचलेली, आणि ताई त्यांचा हात धरून रडत होती. संध्याकाळी रेडिओवरची बाई म्हणाली, आज शहरात युद्धाने एकही बळी गेला नाही.

सकाळी बाईंनी मामांचं गाठोडं उचललं. पट्टी त्यांनी तरीही कोणाला बांधली नाही. त्यांनी ताईला खुर्चीत बसवलं, बाकावरच्या किडनीच्या बाकी चौघांना मागे घेतलं आणि अंगणातून थेट लाल दाराशी गेल्या.

कंडक्टरची पुरती खरडपट्टी निघाली होती. त्याला नवा हुकूम मिळाला होता आणि तो त्याने पाठ केला होता: साहेबांच्या घरचे आले की उजवीकडे, काही विचारायचं नाही.

"कुठले?" त्याने विचारलं. ताईला तो इतकी वर्षं डावीकडेच पाठवत आला होता.

बाईंनी मामांचं गाठोडं काखेत नीट धरलं. खोटेपणा जमायचा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते ऐकणारा माणूस आता नव्हता.

"साहेबांच्या घरचे," त्या म्हणाल्या.

कंडक्टरने ताईकडे पाहिलं, मागच्या चौघांकडे पाहिलं. "सगळे?"

"सगळे."

त्याने बराच वेळ घेतला. डोकं लढवायची सवय नव्हती ना. मग त्याने खाकी कोट नीट केला आणि उजवा हात केला. "चला, पुढे सरका. दारात थांबू नका."

आत उद्घाटन. नवा 'मूत्रपिंड विभाग', म्हणजे तेच जुनं मशीन, त्याच्यापुढे लाल रिबीन, साहेबांच्या हातात कात्री. परदेशातून मदत देणारे पाहुणे आलेले, दुभाषा, कॅमेरे. मातोश्री पलंगावर उशीला टेकून बसलेल्या. बाई पाच जणांना घेऊन आत आल्या तशी साहेबांची कात्री हवेत राहिली. अधीक्षक त्यांना बाहेर काढायला पुढे झाले. पाहुण्यांतल्या एका बाईने दुभाष्याला विचारलं, ही मंडळी कोण?

"आमच्याच घरची," मातोश्री म्हणाल्या, खणखणीत आवाजात. "या गं, इकडे या. ही माझी धाकटी बहीण, म्हणजे याची मावशी. हिने परवा स्वतःचं मशीन मला दिलं. हे काका. ही आत्या. हे दोघे चुलतभाऊ. सगळ्यांना एकच दुखणं, आमच्या घराण्यातच आहे. आता पाळीपाळीने सगळ्यांचं इथेच होणार. हो ना रे?"

दुभाष्याने सगळं सांगितलं. कॅमेरे साहेबांकडे वळले. साहेबांचा चेहरा असा झाला की टेलरमामांना नक्कल करायला वर्षभर पुरला असता.

"हो," ते म्हणाले. "घरचेच आहेत."

"आणि एक मामा होते याचे," मातोश्री पुढे म्हणाल्या. नर्सबाईंकडून त्यांना कालच सगळं कळलं होतं. "माझ्या शेजारी बसायचे. हे मशीन इकडे आणलं आणि रंग वाळायची वाट बघत झाकून ठेवलं ना, तेव्हा ते बाकावर पाळीची वाट बघत होते. तिथेच गेले."

पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाल्या. दुभाष्याने सांगितलं, "तुमच्या मामांबद्दल ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. विचारतायत, त्यांचं नाव काय होतं?"

साहेबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग की. तुझेच मामा."

साहेबांनी अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी जमिनीकडे. मग ते डॉक्टरबाईंकडे बघायला लागले, पोरं परीक्षेत शेजारच्याकडे बघतात तसे. बाईंना नाव ठाऊक होतं, आडनावासकट. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी हातानेच रिबीन बाजूला सारली, ताईची खुर्ची मशीनला लावली आणि तिची बाही वर केली.